मुक्कामाची बोट मिलफर्डला घ्यावी की डाउटफुलला?

फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या फिओर्डलँडमध्ये कॅम्परव्हॅनने पाच दिवस हिंडताना एक रात्र बोटीवर काढायची असेल, तर ती मिलफर्ड साउंडमध्ये काढावी की डाउटफुल साउंडमध्ये (दोन्ही डोंगरांत शिरलेले समुद्राचे फाटे, म्हणजे फिओर्ड), असे तुम्ही विचारले आहे. आम्ही उभयता मार्च महिन्यात दोन्हीकडे जाऊन आलो आहोत. मी निःशंकपणे सांगेन की मिलफर्ड सकाळी पाहावे आणि रात्र डाउटफुलमध्ये काढावी.

मिलफर्डपर्यंत थेट रस्ता असल्याने दुपारी तेथे पर्यटक बसगाड्यांची गर्दी होते. डाउटफुलला मात्र स्वतःची गाडी नेता येत नाही. ती मानापौरी गावात ठेवायची, बोटीने मानापौरी सरोवर ओलांडायचे आणि पलीकडे बसने ६७१ मीटर उंचीची विल्मट खिंड चढून डीप कोव्हला उतरायचे, अशी ही वाट आहे. खिंडीतला रस्ता देशातल्या दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला जोडलेला नाही, कारण तो भूमिगत जलविद्युत केंद्राच्या बांधकामासाठी काढला गेला. सरोवराचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेकडे सोडून वीज निर्माण करण्याची ही रचना कोयना प्रकल्प पाहिलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटते. या प्रकल्पासाठी सरोवराची पातळी वाढवण्याचा बेत होता. त्याविरुद्ध १९७० साली २,६४,९०७ सह्यांचे निवेदन संसदेत गेले आणि अखेर तो बेत सोडावा लागला, म्हणूनच काठावरचे जंगल आज पाण्याखाली नाही. सरोवर ओलांडताना ते जंगल अवश्य पाहा.

आपल्या कोकणातल्या खाड्या म्हणजे समुद्राचे पाणी शिरलेली नद्यांची मुखे. फिओर्ड मात्र हिमनदीने कोरलेली दरी असते, म्हणून कडे सरळ पाण्यात उतरतात आणि डाउटफुलची खोली ४०० मीटरांहून अधिक भरते. १७७० साली कॅप्टन कुकने तिच्या मुखाशी येऊनही जहाज आत घातले नाही, कारण पुन्हा बाहेर पडण्याइतका वारा मिळेल की नाही याची त्याला शंका होती. हे नाव त्या शंकेवरूनच पडले.

आमची बोट संध्याकाळी एका आतल्या फाट्यात नांगरली होती. पहाटे कप्तानाने इंजिन आणि जनरेटर दोन्ही बंद केले आणि सर्वांना काही मिनिटे न बोलता, न हलता उभे राहण्याची विनंती केली. रात्रभर पाऊस पडल्यामुळे चारी बाजूंच्या कड्यांवरून असंख्य धबधबे कोसळत होते, आणि त्यांच्या आवाजामधून एखाद्याच पक्ष्याची शीळ येत होती. ती काही मिनिटे मला आजही जशीच्या तशी आठवतात.

म्हणून पावसाची धास्ती बाळगू नका. कड्यांवर माती जवळजवळ नसल्याने पाऊस थांबला की बहुतेक धबधबे काही तासांतच आटतात. शिवाय जंगलातून झिरपलेले चहाच्या रंगाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते आणि प्रकाश अडवते, त्यामुळे एरवी खोल पाण्यात वाढणारे काळे प्रवाळ येथे कमी खोलीवरही आढळते.

व्हॅनसाठी ‘ते आनाऊ’ या गावातच डिझेल आणि किराणा भरून घ्या, कारण मिलफर्डपर्यंतच्या पुढच्या सुमारे १२० किलोमीटरांत दुकाने नाहीत आणि मोबाइलचे नेटवर्कही बहुतेक ठिकाणी मिळत नाही. वाटेतल्या एग्लिंटन खोऱ्यात संवर्धन खात्याचे साधे कॅम्पिंगचे तळ आहेत. तेथे मुक्काम करून भल्या सकाळी होमर बोगदा ओलांडला, तर बसगाड्यांच्या आधी मिलफर्डला पोहोचता येते. बोगद्यापाशी केआ पोपट गाड्यांचे रबर टोचतात, त्यांना काहीही खायला घालू नका. सँडफ्लाय नावाच्या चावऱ्या माश्यांसाठी मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच, कारण माझ्या घोट्यांची खाज आठवडाभर गेली नव्हती. बोट फिओर्डच्या मुखाशी गेली की टास्मन समुद्राच्या लाटा जाणवतात, म्हणून बोट लागत असल्यास गोळी तेथे पोहोचण्यापूर्वीच घ्यावी. आणि फेब्रुवारी हा ऐन हंगाम असल्याने बोटीची रात्र आधी निश्चित करा, व्हॅनच्या तारखा मग तिच्याभोवती बसवा.