१४ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा दात घासू देत नाही. मोबाइल अ‍ॅपने खरंच फरक पडतो का?

पडतो. आमच्याकडे पडला. पण तुम्ही लिहिलंय की ब्रश तोंडाजवळ नेला की तो हात ढकलून देतो, आणि शेजारच्या काकूंनी नातीचं गाण्याचं अ‍ॅप सुचवलंय. त्यावरून मला वाटतं, अ‍ॅपची पाळी अजून आलेली नाही. आधी तोंडाची तक्रार काय आहे ते बघा.

माझा मुलगा आता १७ वर्षांचा आहे. आम्ही ठाण्याचे. तो थोडं बोलतो, तेही बहुतेक लोकल गाड्यांबद्दल. लहान होता तोवर बायको त्याचं डोकं धरायची आणि मी ब्रश फिरवायचो. मोठेपणा म्हणून सांगत नाही, तेव्हा दुसरं काही सुचत नव्हतं. मग तो उंचीला माझ्या खांद्याला लागला आणि धरणं आपोआप संपलं. त्या सुमारास आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी चार बशांत चार पेस्टचे ठिपके काढून त्याच्यासमोर ठेवले. त्याने पुदिन्याची बशी उचलली आणि सरळ बेसिनमध्ये पालथी घातली. इतकी वर्षं आम्ही ज्याला हट्ट म्हणत होतो, तो पुदिना होता! आपल्याला गार लागतं ते त्याला मिरचीसारखं झोंबत होतं.

दुसरी तक्रार फेसाची. बऱ्याच पेस्टमध्ये फेसासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घालतात, ते नसलेली पेस्ट कमी फेसाळते. बिनचवीची किंवा फळाच्या चवीची बघा, पण फ्लोराइड असलेलीच घ्या. वेष्टनावर पीपीएममध्ये आकडा असतो, तो १००० च्या आसपास हवा. वाटाण्याएवढी पुरते. थुंकता येत नसेल तर तांदळाएवढी लावून ओल्या कपड्याने पुसून घ्या. आणि घासून झाल्यावर थुंकायचं, खळखळून चूळ भरायची नाही, नाहीतर फ्लोराइड वाहून जातं. हे मुलापेक्षा माझ्या आईला पटवणं जड गेलं.

आधी जमत होतं आणि आता अचानक बिघडलं, असं असेल तर अ‍ॅप शोधत बसू नका, दात दाखवा. बाराव्या वर्षाच्या आगेमागे दुसऱ्या दाढा येतात, त्या पार मागे असतात आणि तिथे ब्रश लागला की उबळ येते. कीड असेल तर दुखणं सांगता येत नाही, मूल गालावर मारून घेतं नाहीतर नुसतं चिडतं. (आमच्याकडे थेरपीत दर बरोबर उत्तराला चॉकलेटची गोळी मिळायची. त्याचं बिल पुढे दाढेने भरलं.) लहान मुलांचे दंतवैद्य, म्हणजे पेडोडॉन्टिस्ट, विशेष गरजा असलेली मोठी मुलंही बघतात. तुमचा मुलगा बोलत नसेल तर आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, तयार झालेलं जेलो बघा. चित्रांवर बोट ठेवून बोलायचं अ‍ॅप आहे, मराठीतही चालतं. ‘दुखतंय’ एवढं जरी सांगता आलं तरी खूप झालं.

आता अ‍ॅपचं. अ‍ॅप दोनच कामं नीट करतं: पुढे काय करायचं ते सांगतं आणि कधी संपणार ते दाखवतं. आमच्या मुलांना ‘अजून थोडं, अजून थोडं’ याचा फार त्रास होतो. दोन मिनिटं डोळ्यांसमोर संपताना दिसली की निम्मं भांडण मिटतं.

आम्ही पहिलं घेतलं ते फुकटचं, कार्टूनचं. महिनाभर छान चाललं. मग एका सकाळी मध्येच रमीची जाहिरात लागली, मोठ्या आवाजात. तो कान झाकून बाहेर पळाला. ते निस्तरलं, तर पुढच्या अपडेटमध्ये कार्टूनचा रंगच बदलला. चार दिवस ब्रश नाही. तेव्हा कळलं की दुसऱ्याच्या अ‍ॅपवर आपल्या घरातली सवय टांगून ठेवली की असं होतं. तरी तसंच अ‍ॅप वापरायचं असेल तर ऑटो-अपडेट बंद करा, ब्रशच्या वेळी फोन फ्लाइट मोडवर टाका म्हणजे जाहिराती सहसा येत नाहीत, आणि स्क्रीन पिन करा, म्हणजे त्याला दुसरं अ‍ॅप उघडता येत नाही. आयफोनमध्ये यालाच गाइडेड अ‍ॅक्सेस म्हणतात. नाहीतर दुसऱ्या दातापाशी यूट्यूब सुरू होतं.

शेवटी आम्ही आमचंच बनवलं. तोंडाचे १२ भाग करतात: वर-खाली, डावं-उजवं असे चार, आणि प्रत्येकाची बाहेरची, आतली आणि चावायची बाजू. प्रत्येकी १० सेकंद, म्हणजे बरोबर दोन मिनिटं. आणि ठाण्यापासून दादरपर्यंत स्लो लोकलची स्टेशनं किती? दोन्ही धरून १२. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी रात्री साडेअकराला बायकोला उठवलं.

त्याच्याच बेसिनसमोर, त्याच्याच ब्रशने मी दात घासले आणि बायकोने माझ्या खांद्यावरून शूट केलं, म्हणजे व्हिडिओत त्याला जे स्वतःला दिसतं तेच दिसेल. प्रत्येक भागाआधी घोषणा: ‘पुढील स्टेशन, मुलुंड.’ पहिल्यांदा माझ्या आवाजात केली होती, ती साहेबांनी नापास केली, कारण गाडीत बाईंचा आवाज असतो. मग बायकोने बोलून दिली. फोन झिपच्या पिशवीत घालून टॉवेलच्या हुकाला लटकवतो.

पहिल्या आठवड्यात गाडी फक्त मुलुंडपर्यंत न्यायची आणि थांबायचं. तिथे भांडण नाही झालं तरच पुढचं स्टेशन. कुर्ल्याला पोहोचायला आम्हाला तीन महिने लागले, तेव्हा दुसऱ्याचं बघून घाई करू नका. दादर आलं की फोन बंद. आधी आम्ही ‘ब्रश केलास की १० मिनिटं मोबाइल’ असं करायचो, त्यात तो ब्रश उरकायलाच बघायचा. आता बहुतेक दिवस तो फोन मागतही नाही, फेसाळ तोंडाने स्वतःच घोषणा करतो. रात्री एकदा मी ब्रश हातात घेऊन मागच्या दाढा करून देतो, ते अजून सुटलेलं नाही. पण आधी विचारतो, आणि तो ‘नाही’ म्हणाला तर त्या दिवशी सोडतो. १७ वर्षांच्या मुलाच्या तोंडात न विचारता हात घालायचा नसतो, हे मला उशिरा समजलं.

एक घोळ मात्र आहे, तो सांगून ठेवतो. रविवारी दुरुस्तीसाठी स्लो लाइनवर मेगाब्लॉक असला की स्लो गाड्या फास्ट लाइनवरून जातात आणि नाहूर, कांजूरमार्ग, विद्याविहारला थांबत नाहीत. आमचे चिरंजीवही त्या सकाळी ते तीन भाग घासत नाहीत. मी एकदा वाद घातला, तर त्याने मला पेपरातली बातमी आणून दाखवली. संध्याकाळी ब्लॉक संपतो, त्यामुळे रात्री तिन्ही स्टेशनं होतात.