डोंगरवाटेवर सायकल घालण्यापूर्वी

सायकल निवडताना चौकटीचे माप आपल्या उंचीला जुळते की नाही, हे सर्वांत आधी पाहावे. सुरुवातीला फक्त पुढे सस्पेन्शन (धक्के शोषणारी यंत्रणा) असलेली सायकल, म्हणजे हार्डटेल, पुरेशी ठरते. हेल्मेटबाबत मात्र तडजोड नको.

खरी मेख उतारावर असते. घाबरलेला नवशिका सीटवर बसूनच दोन्ही ब्रेक करकचून आवळतो आणि मागचे चाक घसरू लागते. त्याऐवजी सीट खाली घेऊन पेडलवर उभे राहावे, दोन्ही पेडल जमिनीला समांतर, टाचा किंचित खाली आणि कोपर-गुडघे सैल ठेवावेत, आणि नजर पुढच्या चाकावर न खिळवता काही मीटर पलीकडच्या वाटेवर ठेवावी. (दगड चुकवायचा म्हणून त्याच्याकडेच टक लावून मी नेमका त्यावरच आदळलो आहे.) हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या) डिस्क ब्रेकचा लीव्हर दाबायला एक बोट पुरते. वेग वळणात शिरण्याआधीच कमी करावा, कारण वळतानाच ब्रेक दाबल्यास टायरची पकड वळणे आणि थांबणे या दोन कामांत विभागली जाते.

टायरवर छापलेल्या कमाल मर्यादेपर्यंत हवा ठासून भरू नये. ट्यूब असल्यास साधारण ३० पीएसआयपासून (हवेचा दाब मोजण्याचे एकक) सुरुवात करावी आणि आपल्या वजनानुसार एकदोन अंकांनी फरक करत जावे.