आधी सीटची उंची, मग बाकीचे सामान

रोज कामावर सायकलने जायचे तुम्ही ठरवले, याचा मला मनापासून आनंद आहे. हेल्मेट आणि पुढचा-मागचा दिवा घेतल्यावर दुसरे काहीही विकत घेण्याआधी सीटची उंची नीट लावून घ्या, कारण नवख्यांच्या गुडघेदुखीचे मूळ पुष्कळदा तिथेच सापडते. भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा आणि पेडल अगदी खाली असताना पाय सरळ होतो का ते पाहा. प्रत्यक्ष चालवताना पेडलवर चवडा असतो, त्यामुळे गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांचा बाक राहतो आणि तेवढाच हवा असतो. गुडघा पुढून दुखू लागला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. बदल मात्र एका वेळी काही मिलिमीटरचाच करा. जड गिअर रेटण्यापेक्षा हलक्या गिअरवर मिनिटाला ७० ते ९० फेरे मारणे सांध्यांना मानवते.

टायरची हवा दर आठवड्याला तपासा; दाबाची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते.

रस्ता निवडताना दोन किलोमीटर जास्त पडले तरी कमी रहदारीचाच घ्या आणि सुट्टीच्या दिवशी तो एकदा चालवून पाहा. उभ्या मोटारींपासून किमान एक मीटर अंतर ठेवा, कारण दार अचानक उघडते. वळणाऱ्या ट्रकच्या आतल्या बाजूला कधीही शिरू नका. तिथला सायकलस्वार चालकाला अनेकदा दिसतच नाही.