ग्रील, बार्बेक्यू, तंदूर: अर्जात काय लिहायचं, कार्डावर काय

तुमची पोस्ट वाचली, गंगापूर रोडला कोळशावरच्या चिकनचा स्टॉल टाकताय, 'ग्रील' लिहिलेला अर्ज परत आलाय आणि मेनूकार्डावर या शब्दांचा इतिहास छापायचाय. सेम आमच्याबरोबर झालंय म्हणून लिहितो. परवाना कसा काढायचा ते सोडतो, ते माहीत असेलच.

ऑफिसचं नाव घेत नाही, पण आमची फाइल थेट फॅब्रिकेशनवाल्यांच्या गठ्ठ्यात टाकली. नाशकात ग्रील म्हटलं की खिडक्यांची, शटरची कामं, मान्य, पण सोबत मेनू जोडलेला, त्यात पनीर टिक्का लिहिलेला, तो कुणी उलटूनसुद्धा बघितला नाही आणि वर वेल्डिंग मशीनचे कागद मागितले. सांगायला गेलो तर साहेब रजेवर, मग म्हणे नवीन अर्ज करा, आणि यात अख्खा हिवाळा गेला, म्हणजे आमचा खरा सिझन. अजून राग जात नाही.

दोन्ही ग्रील मुळात एकाच घरातले आहेत. लॅटिनमध्ये क्रातिस म्हणजे विणलेली ताटी, तिची छोटी ती क्रातिकुला, तिथून फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. खिडकीची जाळी तीच, भाजायचीही तीच. म्हणून अर्जात 'कोळशावर भाजलेल्या खाद्यपदार्थांची विक्री' असंच लिहा आणि शिक्क्यासकट पोच घ्याच. नियम बदलत असतात, एकदा माहितगाराला विचारून घ्या.

आता कार्ड. बार्बेक्यू म्हणजे फ्रेंचमध्ये 'दाढीपासून शेपटीपर्यंत' असं जे फिरतं ते प्लीज छापू नका, चूक आहे. कॅरिबियन बेटांवरच्या ताईनो लोकांचा शब्द स्पॅनिशमध्ये बार्बाकोआ झाला, आपल्याकडे शेतात राखणीला माळा बांधतात तशी काठ्यांची उंच माची, तिच्यावर मांस भाजायचे, झोपायचेसुद्धा. तंदूर आपल्याकडे फारसीतून आला पण अक्कादी भाषेत तिनूरू आहे, म्हणजे पार जुन्या मेसोपोटेमियापर्यंत जातो. सीख म्हणजे सळई, तोही फारसीतून. पण सळईवर भाजणं काही बाहेरून आलेलं नाही, अमरकोशात अशा मांसाला शूल्य म्हटलंय, शूल म्हणजे सळई. हे कार्डावर नक्की घ्या, लोकांना आवडतं.

मी भाषेचा अभ्यासक नाही, हॉटेलवाला आहे, पण माझं स्पष्ट मत, जाळीवर भाजून 'तंदुरी' लिहू नये. गिऱ्हाईक पैसे देतं, त्याला खरं कळलं पाहिजे. आणि निखारा, इंगळ, खरपूस हे शब्द वापरायला का लाजायचं? इंगळ तर संस्कृतातल्या अंगारचाच. आगटीतला हुरडा खाताना आपण हेच बोलतो, मग बोर्डावर 'निखाऱ्यावर भाजलेलं' मोठ्या अक्षरात येऊ द्या की.

कार्ड लॅमिनेट करा, तेलकट हातांनी महिन्यात वाट लागते. कोळसा पावसाळ्यात सादळतो, पोती फळीवर ठेवा. मजकूर छापायला टाकायच्या आधी इथे पोस्ट करा, बघून देतो.