किती वाजले, काका?

प्रश्न : काका, आम्ही लालबागला जुन्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. सी-१ ची नोटीस लागलीय, म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा. सासरे म्हणतात सत्तर वर्षं उभी आहे, आताच काय पडतेय. तुम्ही फायर ब्रिगेडमध्ये होतात, डॉकयार्ड रोडला बिल्डिंग पडली तेव्हा ढिगाऱ्यावर काम केलंय असं कळलं. एवढ्या वर्षांनी त्यातलं काय आठवतं? आणि सासऱ्यांना कसं समजवू? – एक सून

उत्तर : ताई, आधी सासऱ्यांच्या सत्तर वर्षांबद्दल. डॉकयार्ड रोडची ती बिल्डिंग जेमतेम तीस-बत्तीस वर्षांची होती, आणि २०१७ ला भेंडी बाजारात पडली ती शंभरीच्या पुढची, तिथे ३३ माणसं गेली. त्यामुळे वयाचा हिशोब सोडा. घाटकोपरला त्याच वर्षी १७ गेली, तिथे तळमजल्यावर तोडफोडीचं काम चालू होतं, म्हणून खाली कोणी पिलरला हात लावतंय का तेवढं बघून ठेवा.

आता आठवणीचं. २७ सप्टेंबर २०१३, शुक्रवार, पहाटे सहाच्या आसपास. पितृपक्ष चालू होता. आम्ही पोचलो तेव्हा धूळ खाली बसली नव्हती आणि पाच मजल्यांचे स्लॅब पापडाच्या चळतीसारखे एकावर एक. लोकांना वाटतं जेसीबी लावला की झालं, पण खाली जिवंत माणूस असेल तर जेसीबीचा एक धक्का पुरतो त्याला संपवायला, म्हणून हाताने दगड काढायचे, घमेली एकामागे एक पास करायची, आणि मधेच कोणीतरी हात वर केला की सगळं बंद. मशीन बंद, बोलणं बंद. मग ओरडायचं, खाली कोणी आहे का? आणि कान लावून बसायचं. ती शांतता मला अजून झोपेत ऐकू येते, किंकाळ्या नाही येत.

एका फटीतून एक पोरगा बोलत होता. दिसत नव्हता, नुसती बोटं दिसत होती, नखांत सिमेंट. दर थोड्या वेळाने विचारायचा, काका, किती वाजले? दुपारचे दोन वाजून गेले होते आणि मी सांगितलं नऊ. पुढच्या वेळी सांगितलं साडेनऊ. आठ तास झालेत कळलं असतं तर धीर सोडला असता असं मला तेव्हा वाटलं, बरोबर की चूक माहीत नाही. बाहेर काढला तेव्हा ऊन कधीच कललेलं. स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून म्हणाला, नऊ ना? बाकी एकूण ६१ माणसं गेली त्या बिल्डिंगमध्ये. त्यातली किती आम्ही बाहेर आणली ते मी मोजत नाही, मोजायचं सोडलं.

सासरे अडाणी म्हणून हट्ट करत नाहीत हो. एकदा खोली सोडली की ट्रान्झिट कॅम्पातच, म्हणजे तात्पुरत्या दिलेल्या खोलीतच, जन्म जाईल ही भीती आहे, आणि मुंबईत ती भीती खोटी आहे असं मी कुठल्या तोंडाने सांगू. पण एवढं सांगा की बिल्डिंग पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क जात नाही. पाडायच्या आधी वॉर्ड ऑफिस प्रत्येकाच्या खोलीचं माप घेऊन लिहून ठेवतं, त्या कागदाची कॉपी हातात घेतल्याशिवाय सोडू नका. भाडेपावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड एका पिशवीत भरून ती आजच तुमच्या माहेरी पाठवा. कागद सुरक्षित झाले की म्हातारी माणसं जरा सैल होतात, हे बऱ्याच घरांत बघितलंय.

आणि आज संध्याकाळी घरातली सगळी दारं लावून बघा. काल लागत होतं ते आज चौकटीत अडकलं, किंवा भिंतीतून बारीक रेती झरतेय, टकटक आवाज येतोय, तर कागदबिगद बघत बसू नका, सासऱ्यांना धरून खाली उतरा आणि १०१ ला फोन करा. पावसाने दार फुगलं असेल म्हणून रंधा मारणारे मी खूप बघितलेत.