आई-बाबांना घेऊन नॉर्थ वेल्सला जायचंय, दोन दिवस पुरतील का? आणि तिथे इंग्रजी चालतं का?

तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये आई-बाबा लंडनला येतायत, दोघं पासष्टच्या पुढचे, शाकाहारी, आणि शनिवार-रविवारात स्नोडोनिया, म्हणजे नॉर्थ वेल्सचा डोंगराळ नॅशनल पार्क, उरकायचंय. उरकू नका हो. लंडन यूस्टनहून बँगॉरला ट्रेनने सव्वातीन तास तरी धरा, पुढे कार्नार्वनला बस (तिथे मेन लाइनचं स्टेशनच नाही), म्हणजे अर्धा वीकेंड बुडाला. चार दिवस काढा, कार्नार्वनला एकाच ठिकाणी मुक्काम ठोका आणि तिथून फिरा. मी मँचेस्टरजवळ राहतो, सहा-सात वेळा गेलोय, त्यातलं एकदा आई-बाबांना घेऊन, त्यामुळे जे सांगतोय ते केलेलं सांगतोय.

आधी भाषेचं. इंग्रजी सगळीकडे चालतं, काळजी सोडा. पण ग्विनेद काउंटीत (कार्नार्वन याच काउंटीत) २०२१ च्या जनगणनेत ६४ टक्के लोकांनी वेल्श, म्हणजे तिथली स्वतःची भाषा, येतं असं सांगितलंय, अख्ख्या वेल्सचा आकडा १८ टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे इथे वेल्श नुसती रस्त्याच्या पाट्यांवर नाही, दुकानातली पोरगी, बस ड्रायव्हर, बाकावरचे म्हातारे सगळे आपापसात तीच बोलतात. बऱ्याच इंग्लिश लोकांची ठरलेली तक्रार असते की आम्ही पबमध्ये शिरलो की हे मुद्दाम वेल्श सुरू करतात. अहो, ते आधीपासून तेच बोलत होते! उलट आपलं बघा, पुण्यात रिक्षावाल्याशी आपण हिंदीत सुरू होतो आणि पाच मिनिटांनी कळतं की तो बारामतीचा.

वेल्शची दोन-चार अक्षरं शिकून जा, लई मजा येते. एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ, डबल डी म्हणजे साधारण आपला द, डब्ल्यू बऱ्याचदा उ. रस्त्यावर मोठ्या अक्षरात एआरएएफ रंगवलेलं दिसेल ते आरव, म्हणजे हळू चालवा. आणि डबल एल, जीभ ल च्या जागी ठेवायची पण ल म्हणायचा नाही, नुसती हवा बाजूने सोडायची. आई म्हणाली मांजर फिस्कारल्यासारखं वाटतंय, आणि मग दिवसभर प्रत्येक पाटीवर फिस्कारत बसली. कार्नार्वनच्या किल्ल्याजवळ एका चहाच्या दुकानात बाबांनी रात्री पाठ केलेलं 'दीओल्ख', म्हणजे थँक्यू, टाकलं. काउंटरवरच्या बाईंनी थांबवलं, म्हणाल्या शेवट घशातून काढा. बाबा आयुष्यभर गझला ऐकत आलेत, त्यांनी असा काही उर्दूवाला ख़ काढला की बाईंनी पुढचं सगळं वेल्शमध्येच सुरू केलं आणि आमची पंचाईत झाली. त्यातलं 'पानद' एवढंच कळलं, तिकडे कपभर चहाला तेच म्हणतात.

स्नोडोनियाला आता एररी म्हणायचं आणि स्नोडनला, म्हणजे तिथल्या सगळ्यात उंच शिखराला, अर् विद्वा, नॅशनल पार्कवाल्यांनी २०२२ मध्ये तसं ठरवलंच. उंची १०८५ मीटर. आपल्या कळसूबाईपेक्षा बरीच कमी म्हणून बाबा नाक मुरडत होते, पण हवा अशी फिरते की खाली टी-शर्ट आणि वर कानटोपी. गुडघ्यांचा प्रश्न असेल तर पायथ्याच्या ह्लानबेरिस गावाहून वर जाणारी छोटी ट्रेन आहे, १८९६ पासूनची, उटीच्या गाडीसारखी मधे दात्यांची पट्टी असलेली. साधारण तासाभरात वर, अर्धा तास तिथे, आणि खाली. तिकिटं फार आधी संपतात आणि वारा असला तर गाडी शिखरापर्यंत जातही नाही. आम्ही पोचलो शिखरापर्यंत, आणि वर काय दिसलं, तर कापूस. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर कोकणकडा बघायला जावं आणि धुकं बघून यावं, तसं. तुम्ही एकटे चालत चढणार असाल तर ह्लानबेरिसची वाट सगळ्यात लांब पण सोपी, पेन-अ-पासच्या खिंडीतून निघणाऱ्या पिग आणि मायनर्स या वाटा जास्त सुंदर. पण क्रिब गोखच्या धारेवर नवख्याने अजिबात जायचं नाही, दरवर्षी तिथे रेस्क्यू टीमला धावावं लागतं. पेन-अ-पासचं पार्किंग आधी बुक करावं लागतं, मी एकदा न करता सकाळी साडेसातला गेलो आणि गेटवरूनच परत फिरलो, शेवटी खाली नांट पेरिसला गाडी लावून शेर्पा बसने वर.

पण मला विचाराल तर शिखर चुकलं तरी चालेल, बेद्गेलर्ट चुकवू नका. दोन नद्यांच्या संगमावर दगडी घरांचं गाव, आणि नदीकाठच्या कुरणात गेलर्ट नावाच्या कुत्र्याची कबर. तिथल्या पाटीवर गोष्ट कोरलीय: राजा ह्लेवेलिन शिकारीहून येतो, पाळणा उलटा, कुत्र्याचं तोंड रक्ताने माखलेलं, राजा तलवार खुपसतो आणि मग बाळाचा आवाज येतो, बाजूला मेलेला लांडगा. मी आईला वाचून दाखवत होतो, अर्ध्यावर ती म्हणाली, "अरे ही तर मुंगसाची गोष्ट!" आणि खरंच पंचतंत्रातली ब्राह्मण आणि मुंगसाची गोष्ट, सापाच्या जागी लांडगा. अभ्यासक पण हेच म्हणतात की ही गोष्ट पूर्वेकडून फिरत फिरत तिथे पोचली, आणि कबर अठराव्या शतकाच्या शेवटी एका हॉटेलवाल्याने गिऱ्हाईक यावं म्हणून रचली असं मानतात. आईला हे कळल्यावरही ती तिथून हलेना, म्हणाली हॉटेलवाला लबाड असला तरी मुंगूस खरंच होतं ना.

बेद्गेलर्टला कार्नार्वनहून वेल्श हायलँडच्या वाफेच्या गाडीने जा, रुळ जवळजवळ माथेरानच्या गाडीएवढेच अरुंद, आई-बाबांना चालायला नको. वाटेत डोंगर फोडून काढलेल्या स्लेटच्या खाणी दिसतील. स्लेट म्हणजे आपल्या लहानपणीची दगडी पाटी तीच, इथे तिची छपरं, कुंपणं, थडगी, सगळं. इथला स्लेटच्या खाणींचा प्रदेश २०२१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पेनरिन खाणीत १९०० ते १९०३ संप चालला होता आणि संपकऱ्यांच्या खिडक्यांत वेल्शमध्ये कार्ड लावलेलं असायचं, 'या घरात फितूर नाही'.

एक अख्खा दिवस ह्लीन द्वीपकल्पाला द्या, भाड्याची गाडी घेऊन (वस्तीत बहुतेक ठिकाणी ताशी २० मैलांची मर्यादा आहे, आरव आठवा). पोर्थोरच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत पाय घासत चाललं की वाळू चक्क चीं चीं वाजते, बाबा बूट काढून पंधरा मिनिटं तेच करत होते, एक लहान मुलगा आणि ते. पुढे अबेरदारॉन, आणि समोर समुद्रात एनह्ली बेट. तिथे वीस हजार संत पुरलेत अशी श्रद्धा आहे आणि पूर्वी तिथल्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक असा हिशोब होता. होडी समुद्राच्या मर्जीवर, आम्हाला मिळाली नाही. पोर्टमेरियन हे इटालियन धाटणीचं गाव, सगळ्यात लांब नावाचं स्टेशन वगैरे वेळ उरला तर, नाही केलं तरी काही बिघडत नाही.

खाण्याचं: बारा ब्रिथ म्हणून सुक्या मेव्याचा ब्रेड मिळतो, लोणी लावून चहाबरोबर एकदम भारी. वेल्श केक घेताना विचारून घ्या, काही ठिकाणी लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, घालतात. चीज-टोस्टचा भाऊ वेल्श रेअरबिट मिळतो, पण त्यावर वूस्टर सॉस असेल तर त्यात बहुधा मासे असतात, ते पण विचारा. लहान गावात संध्याकाळी किचन लवकर बंद होतात, म्हणून आईने थेपले आणि चटणीची बाटली आणली होती, त्याने दोन रात्री निभावल्या. छत्री आणू नका, पहिल्याच वाऱ्यात उलटी होते, चांगले रेनकोट घ्या. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे पाऊस पडला की चहा प्यायला बसा आणि थांबला की निघा, दिवस भरपूर उरलेला असतो.