घर स्वतः रंगवताय? आधी एकच खोली घ्या

दोघांनी मिळून घर रंगवायचं ठरवलंय, झकास! आम्हीही हाच उद्योग केला होता, आणि सगळ्या खोल्या एकदम काढल्या. महिनाभर गॅसची शेगडी गॅलरीत. तुम्ही सर्वांत लहान खोली घ्या, ती पुरी करा, मगच पुढची.

भिंतीला पोपडे आले असतील तर रंगाचा डबा उघडूच नका. आधी ओल कुठून येते ते शोधा: वरच्यांचं बाथरूम, खिडकीखालची भेग की गळका पाइप? ओल्या भिंतीवर कितीही पुट्टी (भिंत गुळगुळीत करायचा लेप) फासा, पुढच्या पावसाळ्यात ती फुगून हातात येते.

बाकी थोडक्यात:
- जुना रंग खरवडा, घासा, धूळ पुसा. पुट्टीचे दोन पातळ हात द्या. एकच जाड हात तडकतो.
- घासताना मास्क हवाच.
- स्विचबोर्डाला हात लावण्याआधी मेन स्विच बंद. वायरिंग इलेक्ट्रिशियनकडेच द्या.
- भिंत पाडायची असेल तर आधी इंजिनिअरला दाखवा.

टेक्स्चरचे उठावदार रंग, पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) नक्षी सध्या विसरा. रंग मात्र भिंतीवर हातभर पट्टा मारून, दिवसाउजेडी ठरवा. दुकानातल्या रंगांच्या नमुना-कार्डावरचा हलका पिवळा आमच्याकडे थेट हळदीचा निघाला. अजून तसाच आहे.